एका तारेवरच्या पाच चुली

आमच्या कामातला थरार बाहेरच्या माणसाला दिसत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. डॉक्टरांच्या आठवणींत रक्त असतं, पोलिसांच्या आठवणींत चोर असतात. आमच्याकडे काय, तर काळ्या पडद्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. ती लुकलुकायची थांबली की आम्ही खुर्चीतून अर्धे उठतो, आणि शेजारी बसलेला माणूस विचारतो, "मॅडम, चहा मागवू?"

महाप्याच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. रिटायर झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी बसून त्या घड्याळाकडे बघायचं जिवावर आलं म्हणून आसपासची छोटी कामं घ्यायला लागले. कोपरखैरण्यात राहते, त्यामुळे घणसोली, तळवली, तुर्भे हा माझा मुलूख. तुर्भ्याच्या एका कारखानदारांना प्रत्येक नेटवर्कच्या नंबरची बेरीज नऊच यायला हवी होती. त्यांच्या गुरुजींनी तसं सांगितलं होतं. मी अठरा, सत्तावीस आणि छत्तीस दिले. छत्तीसवर मुद्दाम अकाउंट्स आणि सेल्स यांना एकत्र बसवलं. आजतागायत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

पण हे नंबर कशाला लागतात ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. समजा, एका इमारतीत चार बिऱ्हाडं आहेत आणि एकाच्या कॉम्प्युटरमधलं दुसऱ्याला दिसता कामा नये. प्रत्येकासाठी वेगळी तार ओढायची तर भिंती फोडाव्या लागतात. म्हणून तार एकच ठेवायची आणि तिच्यातून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर नंबर मारायचा. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेतात, तसं. लग्नघरी सगळ्यांची पातेली एकाच मोरीत घासली जातात, पण संध्याकाळी ज्याचं पातेलं त्याच्या घरी जातं. आमच्याकडे ती पातेली वाटून देण्याचं काम सर्व्हर करतो. अशा नंबरी नेटवर्कांना व्हीलॅन म्हणतात. तार खरीच एक असते, वेगळेपण फक्त कागदोपत्री. घर एक आणि चुली वेगळ्या, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

चुली वेगळ्या करण्याचंच एक काम मला घणसोली गावात आलं.

गावठाणात चार मजली घर. दुसऱ्या मजल्यावर थोरले बाळारामशेट, तिसऱ्यावर धाकटे जनार्दनशेट, खाली आई हिराबाई, आणि उरलेल्या सगळ्या खोल्यांत भाडेकरू. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते मला दोघांनीही सांगितलं आणि दोघांनी वेगवेगळं सांगितलं. एकाच्या मते पाण्याची टाकी, दुसऱ्याच्या मते पार्किंग. पण इंटरनेटची लाइन एकच होती, आणि तिचा कारभार बघणारा जुना सर्व्हर जिन्याखाली बसलेला होता. कुणा हुशार भाडेकरूने तो युनिक्सच्या कुळातल्या कॉम्प्युटर-प्रणालीवर उभा केला होता आणि मग खोली सोडून गेला होता. यंत्र इमानदार होतं. वर्षानुवर्षं बंद पडलं नव्हतं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळत असे, त्यामुळे त्याच्या पंख्यातून मी पहिल्यांदा काढलं ते वाळलेलं फूल होतं.

सर्व्हरवर एक स्टीलचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. उचलायला गेले तर मागून आवाज आला, "हात लावू नको गो! दही हाय त्यान."

या हिराबाई, ज्यांना मी पुढे मावशी म्हणू लागले. सत्तरी ओलांडलेल्या, लुगडं घट्ट नेसलेल्या, कानात सोन्याच्या जड बुगड्या. सर्व्हर चोवीस तास उबदार असतो हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं, आणि तेव्हापासून घरचं दही त्यावरच लागत होतं. मी आयुष्यभर सर्व्हर थंड कसा ठेवायचा याच विवंचनेत होते. हे लिहायला मी मावशींची परवानगी घेतली आहे. "लिव, पन दह्याचा लिवू नको," एवढीच अट त्यांनी घातली होती.

बाळारामशेटनी मला दुसऱ्या मजल्यावर नेऊन सांगितलं, "मॅडम, आमचा काय तिकरं दिसला नाय पायजे. त्याचा काय आमाला बघायचा नाय. एकदम कट."

जनार्दनशेटनी तिसऱ्या मजल्यावर तेच सांगितलं, फक्त चहाऐवजी सरबत दिलं.

एकाच गोष्टीवर घोडं अडलं. घरात एक मोठा प्रिंटर होता. भाडेकरार, भाडेकरूंची ओळखपत्रं, पोलिसांकडे द्यायचे अर्ज, असे कागद दोघांनाही सारखे लागत. प्रिंटर कुणाच्या नेटवर्कवर ठेवायचा, विचारलं तर दोघंही म्हणाले, "आमच्या." मी म्हटलं, बघू.

मी कागदावर नकाशा काढला. चार चौकोन. दहा नंबर बाळारामशेट, वीस जनार्दनशेट, तीस भाडेकरू, चाळीस जिन्यातले कॅमेरे. स्वच्छ मराठीत नावं लिहिली आणि तो कागद सर्व्हरच्या वर भिंतीला चिकटवला. बाळारामशेट बघून म्हणाले, "मस्त." जनार्दनशेटही तेच म्हणाले, पण भाऊ वर गेल्यावर. सगळ्या तारा जिथे येतात तो स्विच मी त्याच दिवशी तयार करून ठेवला आणि सर्व्हरचं काम रविवारी घरूनच करीन म्हणून सांगितलं.

आता माझ्या चुकीकडे येते. ही चूक आमच्या धंद्यातलीच माणसं करू शकतात, आणि बहुतेक सगळ्यांनी एकदा तरी केलेली असते. त्या जुन्या यंत्राला तारेचं तोंड एकच होतं. बाहेरची लाइन त्यातूनच आत यायची, त्या घरची वर्दळ त्यातूनच आणि माझ्या घरी बसलेली मीसुद्धा त्यातूनच आत शिरलेली. अशा वेळी एक शिस्त असते. काम सुरू करण्याआधी यंत्राला सांगून ठेवायचं की दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू हो. काम नीट झालं तर ती सूचना मागे घ्यायची. बिघडलं तर यंत्र स्वतःच उठून पूर्वस्थितीवर येतं. ही शिस्त मी कंपनीत किती जणांना शिकवली असेल! एकाने ती पाळली नाही म्हणून त्याला सगळ्यांच्या देखत झापलंही होतं. त्याची आता माफी मागते.

त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. तिसरी व्हायच्या आत संपवू म्हटलं. त्या सूचनेला फाटा दिला आणि कमांड द्यायला लागले. जुन्या तोंडाचा पत्ता आधी काढला. नवा द्यायचा राहिला. एंटर मारला आणि ती पांढरी रेघ लुकलुकायची थांबली.

तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करायला उठायचंही मला सुचेना.

घणसोलीतल्या त्या घराचं इंटरनेट मी कोपरखैरण्यात बसून बंद पाडलं होतं, आणि आत शिरायचा रस्ताही स्वतःच बुजवला होता. नशीब एवढंच की केलेलं मी कायमचं लिहून ठेवलं नव्हतं. कुणीतरी यंत्राचं बटण दाबून ते बंद-चालू केलं, की गाडी रुळावर. बाळारामशेटना फोन लावला. उचलला नाही. जनार्दनशेटना लावला. त्यांनी उचलला, पण मागे बँडबाजा इतका जोरात की मला फक्त "साखरपुडा" एवढंच ऐकू आलं. मग मावशींचा नंबर लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"मावशी, घरी आहात? मला वाटलं साखरपुड्याला गेला असाल."

"नाय."

"कुणाचा आहे?"

"माजे बहिनीचे नातवाचा."

सख्ख्या बहिणीच्या नातवाचा साखरपुडा, आणि या घरी. मी विचारलं, "बरं नाही का?"

त्यांनी मग सरळ आवाजात सांगितलं, "मी नऊपासून तयार होऊन बसलेय. बाल्याला वाटला मी जन्याचे गारीन जानार, जन्याला वाटला मी बाल्याचे. दोन गाऱ्या गेल्या. मना कोनी इचारला नाय."

मी म्हटलं, "मावशी, मी रिक्षा घेऊन येते. तुम्हाला तिथे नेऊन सोडते."

"तुजे रिक्षान जाऊ? लोक काय बोलतील, हिचे पोरा कुटं गेले? मी गुडघा दुखतो म्हनून सांगनार. तू काय बोलू नको कोनाला." आणि मग एकदम कामाचा आवाज. "तू फोन कशाला केलास?"

मी लाजत-लाजत सांगितलं की माझ्या हातून नेट बंद पडलंय, जिन्याखाली जायचं, यंत्राच्या पुढचं गोल बटण पंखा थांबेपर्यंत दाबून धरायचं, दहा आकडे मोजायचे, आणि पुन्हा एकदा दाबायचं.

"दही लावलाय."

"मावशी, दही बाजूला ठेवा."

"हलला तं पानी सुटल."

मागे जिन्यातून भाडेकरूंचा गलका ऐकू येत होता. कुणाचा सिनेमा अडकला होता, कुणाचं गावाकडचं बोलणं अर्धवट तुटलं होतं. एक जण तर "आजी, वायफाय!" असं आग लागल्यासारखं ओरडत होता. मावशी जिन्याखाली पोचल्या. पातेलं उचलल्याचा, ते अलगद खाली ठेवल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "आता दाबा."

बटण काही दाबलं गेलं नाही.

"यो भिंतीवरचा कागद तुजा ना?" मावशींनी विचारलं.

"हो."

त्या चौथी शिकलेल्या. बोट लावून, एकेक अक्षर वाचत गेल्या. "दहा, बालाराम. वीस, जनार्दन. तीस, भाडेकरू. चालीस, क्यामेरे." वाचून झालं. मग म्हणाल्या, "क्यामेऱ्यांला खाना हाय. यान माजा खाना कंचा?"

भाऊ भांडलेले होते, त्यांनी आईचा विचार केला नाही, हे मी मघापासून मनातल्या मनात त्यांच्या नावावर टाकत होते. पण नकाशा मी काढला होता. त्या घरात मी चार वेळा गेले, मावशींच्या खोलीत बसून त्यांच्या हातची तांदळाची भाकरी खाल्ली, आणि चौकोन काढताना कॅमेऱ्यांची आठवण झाली, त्यांची झाली नाही. मला खरंच लाज वाटली.

"चुकलं माझं, मावशी," मी म्हटलं. "पन्नास नंबर तुमचा. आज करते."

"आनि त्यान प्रिंटर पायजे."

"प्रिंटर तुम्हाला कशाला?"

"मना नको. त्यांना पायजे ना? मंग माजे खोलीन ठेव. ज्याला कागद पायजे तो येल न्यायला."

मी आयुष्यात मोठमोठ्या तज्ज्ञांबरोबर बसून नेटवर्कं आखली आहेत. इतकी अचूक आखणी एकानेही सुचवली नव्हती. मी हो म्हटलं. मावशी म्हणाल्या, "शपथ?" मी शपथ घेतली. मग त्यांनी बटण दाबलं, मोठ्याने दहापर्यंत मोजलं, सातनंतर जरा दम खाल्ला, पुन्हा दाबलं. पंखा गुरगुरला. दोन मिनिटांत माझी रेघ लुकलुकायला लागली आणि जिन्यातून "आलं, आलं!" असा ओरडा झाला.

या वेळी दहा मिनिटांची सूचना आधी दिली. मग पाचही नेटवर्कं नीट उभी केली. दहामधून वीस दिसत नाही, विसातून दहा दिसत नाही, कबूल केल्याप्रमाणे एकदम कट. फक्त दोघांकडूनही पन्नासातल्या प्रिंटरकडे कागद पाठवता येतात. भावांना सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या हीच जागा योग्य आहे. प्रिंटर दुसऱ्याकडे गेला नाही एवढ्यावर दोघंही खूश झाले. साखरपुड्याचं मी कुणाजवळ बोलले नाही.

महिनाभराने तक्रार आली. प्रिंटर सारखा अडतो. गेले. प्रिंटर मावशींच्या पलंगाशेजारी, वर विणलेला रुमाल. यंत्र ठणठणीत होतं, फक्त कागदाचा ट्रे रिकामा. मी कागद शोधायला लागले तर मावशी म्हणाल्या, "गादीखाली हाय. मीच काडून ठेवते."

"का हो?"

"पोरगा येतो, कागद उचलतो नि जातो. बसत नाय. आता येतो, कागद नसतो. मी बोलते, थांब, शोदते. मी शोदते तवर तो बसतो. चा घेतो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता बोल काय बोलायचंय ते. "नि दुसऱ्या कोनाला पाठवला तं मी देत नाय. ज्याचा कागद त्याचे हातान."

वर जाऊन मी दोघा भावांना सांगितलं की जुन्या प्रिंटरला तापायला वेळ लागतो, दहा-पंधरा मिनिटं धरून चला. यंत्राबद्दल खोटं बोलायचं नाही हा माझा नियम होता, आणि तो मी रिटायर झाल्यावर मोडला. वाईट वाटायला हवं होतं, पण चहा फार चांगला झाला होता.

त्यानंतर बरेच महिने त्या घरून फोन आला नाही. आमच्या धंद्यात ग्राहकाचा फोन न येणं हीच पावती. मग एक दिवस बाळारामशेटचा आला. "मॅडम, नवीन प्रिंटर आनलाय. आमच्यासाठी वेगला. येऊन बसवून जा."

गेले. दुसऱ्या मजल्यावर हॉलच्या मधोमध नवं कोरं खोकं. प्रिंटर त्यांनी नाही, वहिनींनी आणला होता. वहिनी बाई स्पष्ट. "बघा ना मॅडम, एका कागदासाठी हे रोज खाली जातात ते अर्धा-अर्धा तास येत नाहीत. नाश्ता गार होतो. प्रिंटरच गेलाय तो. काढून टाका."

नवं यंत्र लावायच्या आधी जुन्यावर किती काम पडतं ते बघायची माझी सवय. सर्व्हर प्रत्येक छपाईची नोंद ठेवतो, कुणी पाठवली, कधी, किती पानं. मी लॅपटॉप उघडून ती यादी काढली. बाळारामशेट माझ्या मागे येऊन उभे राहिले.

दहा नंबरवरून रोज सकाळी एक पान. सुट्टी नाही, खाडा नाही. कागदपत्राचं नाव काहीच नाही. वीस नंबरवरूनही रोज एक पान, थोड्या वेळाने. महिनोन्महिने. मी शाईचा आकडा बघितला. एवढी पानं निघाली होती आणि शाई जवळजवळ होती तेवढीच होती. मी दोनदा तपासलं. मग लक्षात आलं. पानं कोरी होती. कोरा कागद छपाईला जात होता, कोराच बाहेर येत होता, आणि मावशी तो पुन्हा गादीखालच्या गठ्ठ्यात ठेवत असणार.

मी मान वळवून बाळारामशेटकडे बघितलं. हे असे धिप्पाड, गळ्यात बोटाएवढी सोन्याची साखळी, गावात त्यांच्यापुढे कुणी मोठ्याने बोलत नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. कान मात्र लाल झाले होते.

"मॅडम," ते फार हळू बोलले, "नीट तपासून सांगा. नाय बसनार ना?"

"बसेल ना हो?" वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

एका तारेवर अशी चार हजारांवर नेटवर्कं बसतात. त्या घरात आम्ही पाच वापरली होती, आणि नवा प्रिंटर दहा नंबरवर टाकायचा तर मला नवीन नेटवर्कही लागणार नव्हतं. पाच मिनिटांचं काम. मी लॅपटॉप मिटला, चष्मा काढला, आणि कंपनीत साहेबांना वाईट बातमी देताना करायचे तसा चेहरा केला.

"नाही हो वहिनी," मी म्हटलं. "जागाच उरली नाही."

"बघ, बोललो होतो ना," बाळारामशेट म्हणाले. त्यांनी खोक्याची झाकणं एकावर एक नीट दुमडली, पायांत चपला सरकवल्या आणि त्या दिवसाचं पान आणायला खाली गेले.